तेरेंतीचं दांडकं

आमच्या उनालाश्का बेटावरून रशियनांनी आम्हाला उत्तरेच्या त्या बेटांवर नेलं तेव्हा तिथं माणसाचा मागमूस नव्हता. ज्वालामुखीचे काळे, पाय कापणारे दगड, धुकं, आणि किनाऱ्यावर लाखो सील. एक उन्हाळा सील मारा, कातडी भरा, मग घरी जा, असं रशियन मुकादम झाखार म्हणाला होता. त्याचे तीन उन्हाळे झाले. चौथ्या वर्षी त्याने जाहीर केलं, "यंदा सगळ्यांत जास्त मारेल त्याला घरच्या जहाजावर बसवतो."

तेरेंती माझा मेहुणा. माझी बहीण उल्याना तिकडे उनालाश्काला त्याची वाट बघत होती. त्या दिवसापासून तेरेंतीने दांडकं खाली ठेवलं नाही. कळप पाण्यापासून तोडायचा, आत हाकायचा, एकेकाच्या डोक्यात एकच फटका. रात्री त्याच्या मुठी उघडत नसत. मी त्याला घास भरवायचो.

"जरा दमानं घे रे," मी म्हणालो.

"तू घे दमानं, लंगड्या. तुला कुठं बायको आहे?"

जहाज आलं. तेरेंती अंग धुऊन, गाठोडं घेऊन सगळ्यांच्या पुढे उभा राहिला.

"कुठं निघालास?" झाखार म्हणाला.

"घरी, साहेब. सगळ्यांत जास्त माझेच आहेत."

"म्हणूनच तर. असला हात हातचा घालवायला मी येडा आहे का?" त्याने माझ्याकडे बोट केलं. "या फुकटखाऊला न्या."

रशियन हसले. आपलेही हसले. तेरेंतीने गाठोडं खाली ठेवलं. मी मात्र एकदाही "नको" म्हटलं नाही.

उनालाश्काला उतरलो तेव्हा उल्याना किनाऱ्यावरच होती. "ते कुठायत?"

"ठेवून घेतलं. काम फार चांगलं करतो म्हणून."

"आणि तू?"

"मी काही कामाचा नाही."

तिने माझ्या थोबाडीत मारली.

पुढच्या वसंतात जहाजावरच्यांनी सांगितलं, हात निकामी झाला की घरी धाडतील म्हणून तेरेंतीने कुऱ्हाडीने उजव्या हाताची तीन बोटं तोडली. झाखारने त्याला कातड्यांना मीठ चोळायला बसवलं, त्याच ओल्या जखमांच्या हातानं. त्याच जहाजातून हुकूमही आला होता: माणसांचं मन तिथं रमावं म्हणून बायकांना घेऊन या.

उल्यानाला होडीत चढवत होते तेव्हा तिने मला हळूच विचारलं, "तिथं घरं आहेत का रे?"

"जमिनीत खणलीत."

"आणि चुलीला लाकूड?"

"समुद्रातून वाहून येतं. कधीमधी."

तिने मान हलवली आणि बाकीच्या बायकांत जाऊन बसली. आता तिथं गाव झालंय म्हणतात. ती दोघं तिथंच पुरली गेली.