एकदाच मारलं

तेरा वर्षांच्या पोराला फाशी सुनावून न्यायाधीश जेवायला उठले. मावशी मात्र कोर्टाबाहेरच्या बाकावरून उठलीच नाही. आईबाप गेल्यापासून भाच्याला तिनेच वाढवलं होतं. दोघं एकाच धुलाईघरात राबायची. ती इस्त्रीवर, तो कपडे पिळायला.

मालक म्हणजे जमदग्नी. करपलेल्या कॉलरवरून तो मावशीच्या अंगावर धावून आला, तेव्हा पोराने हातातला ओला टॉवेल त्याच्या तोंडावर हाणला. मालकाने शिव्यांची लाखोली वाहून दोघांना हाकललं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो भट्टीपाशी डोकं फुटून मेलेला सापडला. त्याच्यावर दात धरून असलेले ढीगभर होते, पण पकडला कोण, तर हा मूठभर जीव! हातकडी मनगटातून निसटत होती, म्हणून दंडाला अडकवली.

मालक मेलाय हेसुद्धा न सांगता फौजदाराने विचारलं, "मालकाला मारलंस?"

"हो, मारलं."

झालं! जबाबात फौजदाराने आपल्या पदरचा 'ठार' घातला.

कोर्टात न्यायाधीशांनी बजावलं, "मारलं की नाही? हो किंवा नाही, एवढंच बोल."

"हो साहेब. पण एकदाच."

"एकदाच म्हणे! माणसाला कितीदा मारतात?" न्यायाधीश कडाडले. लोक शहारले.

"अहो, टॉवेलने मारलं हो!" मावशी ओरडली, तर शिपायाने तिला दंडाला धरून बाहेर काढलं. सरकारने दिलेला वकील नंतर म्हणाला, "बाई, शब्दाचा कीस काढून फाशी टळत नसते." जन्मभर तोच कीस विकून गलेलठ्ठ झालेला माणूस हे बोलला! मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शेवटची आशा दयेच्या अर्जाची. चौकशीला बडा अधिकारी यायचा होता, म्हणून मावशीने तुरुंगाच्या गजांतून पोराला पढवलं.

"मारलं म्हणायचं नाही. टॉवेल लागला म्हणायचं."

"पण मावशी, लागला कुठं? मी मारलाच की."

खोटं बोलायची खोड तिनेच मोडली होती ना त्याची!

अधिकाऱ्याने पोराला विचारलं, "पस्तावा होतो?"

"होतो. मारायला नको होतं. मावशी म्हणते, मोठ्यांवर हात..."

"पुरे," अधिकारी म्हणाला. पुढचं ऐकायला त्याला सवड नव्हती. अर्ज फेटाळला गेला.

शेवटच्या भेटीला मावशी आली, तेव्हा तुरुंगाधिकारी कुलूप काढता काढता म्हणाला, "बाई, वेळच्या वेळी मारलं असतं तर ही पाळी आली नसती."

"मारलंय की! खोटं बोलला म्हणून चपलेनं मारलंय मी त्याला. कितीदा तरी."

"मग बरोबरच केलंत." त्याने मान डोलावली.

मावशी जागीच थबकली. मग तिने त्याचा किल्ल्यांचा हात घट्ट धरला.

"म्हणजे तुम्हाला कळतं! अरे मेल्यांनो, मारलं म्हणजे काय ते कळतं तुम्हाला!"