मोगलाईतला तो रविवार

आजूबाजूला कोणी नाही ना? मग सांगतो. मी तांबडं तट्टू. माणसं मला घाबरट म्हणतात आणि ते काही खोटं नाही. वाळलेलं पान उडालं तरी माझे कान उभे राहतात. पण एकदा माझी भीती खरी होती, आणि तेव्हाच ती कोणी मनावर घेतली नाही.

माझा जन्म भीमेच्या काठचा. माझा पहिला धनी टपाल वाहायचा. एकदा बैलगाडीचं चाक करकरलं आणि मी थैलीसकट उधळलो. त्यानं मला त्याच आठवड्यात विकलं. मग मी नगरला विठ्ठलरावांकडे आलो.

विठ्ठलराव शाळेत चित्रकला शिकवायचे. माणूस सडपातळ, एकटा, आणि हिंडण्याचा फार नादी. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की माझ्या पाठीवर पडशी टाकायचे आणि निघायचे मोगलाईत. सीना नदीच्या नगरकडच्या बाजूला इंग्रजांचं राज्य, पलीकडे निजामाचं, तीच मोगलाई. नदी ती केवढीशी, पण विठ्ठलरावांच्या आईला, सरस्वतीबाईंना, ती समुद्रासारखी वाटायची.

"परमुलखात काय ठेवलंय रे?" त्या दर शनिवारी विचारायच्या. "काही झालं तर कोण आहे तिथं आपलं?"

"उद्या संध्याकाळी येतोच की," असं म्हणून ते टांग टाकायचे.

मला मात्र आईंचं पटायचं. नदीत पाय घालायच्या आधी मी दर वेळी अडून उभा राहायचो. पुढे करोडगिरीचा नाका होता. परमुलखातून येणारा माल तिथं तपासत. तिथला शिपाई बंदूक आडवी धरून विचारायचा, "कां से आरे मास्तर? किदर जारे?" विठ्ठलराव हसून सांगायचे. शिपाई पडशीत हात घालायचा. त्याला दशम्या आणि कागद सापडायचे. मग आम्ही सुटायचो. कधी एखादी बारव, कधी पडकी गढी, कधी आडरानातलं देऊळ. विठ्ठलराव चित्र काढत बसायचे, मी झाडाखाली कान टवकारून उभा. मुक्काम कडा गावच्या धर्मशाळेत. रविवारी दुपारी परत.

त्या थंडीत त्यांना एकच ध्यास लागला होता. कड्याच्या माळावर धुळाजी नावाच्या धनगराचा मोठा मेंढवाडा होता. तिथं लोकर कातरायचा दिवस ठरला होता, आणि तो त्यांना बघायचा होता. महिनाभर आधी त्यांनी निरोप धाडून परवानगी मागितली होती.

निघालो तो शनिवार. सीनेच्या अलीकडे, बाभळींच्या सावलीत, एक लहानसा कळप बसला होता. बसला म्हणजे पडलाच होता. मेंढ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तोंडावर फोड होते. राखणारा म्हातारा गुडघ्यात मान घालून बसला होता. विठ्ठलरावांना त्याचा चेहरा चित्रासाठी हवासा वाटला. ते उतरले आणि मला तिथल्याच खुंटाला बांधलं. मी लेंड्यांच्या चिखलात उभा होतो. तिथं एक वास होता. तो वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही.

चित्र झाल्यावर म्हातारा म्हणाला, "मास्तर, देवी हायत मेंढरांस्नी. हितून दुसऱ्या कुणाच्या मेंढरात जाऊ नगा. तुमच्या कपड्याला, तट्टाच्या पायाला लागून जातंय."

"बरं," विठ्ठलराव म्हणाले.

मग आम्ही नदी उतरलो. नाक्यावर शिपायानं पडशी तपासली. माझी खुरं कोणी तपासली नाहीत.

रविवारी सकाळी आम्ही मेंढवाड्यापाशी गेलो. सुताची जाळी लावून कळप आत कोंडला होता. धुळाजी वाटेतच उभा राहिला. उंच, डोक्याला लाल पागोटं, आवाज खणखणीत.

"मास्तर, रागवू नगा, समद्यांनाच इचारतो. वाटंत कुणाच्या मेंढरात थांबला व्हता का?"

विठ्ठलरावांनी जाळीच्या आत नजर टाकली. महिनाभर वाट पाहिली होती त्यांनी. आतून कातरीचा कच्‌कच् आवाज येत होता.

"नाही," ते म्हणाले.

मी पुढचे पाय रोवले. देवी म्हणजे काय ते मला कळत नव्हतं, पण माझ्या खुरांना कालचा वास होता आणि समोर इतकी कोकरं होती. मी मान झटकली, मागे सरलो. विठ्ठलरावांनी लगाम ओढला आणि हसून म्हणाले, "घाबरट आहे हो हा, मेंढरांनाही भितो." सगळे हसले. मला आत नेलं.

आणि दिवस फार सुरेख गेला, हे सांगायलाच मला लाज वाटते. धुळाजी आणि त्याचा धाकटा भाऊ सटवा एकेक मेंढी आडवी करत, पाय बांधत, आणि लोकर अशी उतरवत की आख्खी घोंगडी सोलून निघावी. कातरलेली मेंढी उठली की तिचं कोकरू तिला ओळखायचंच नाही, ओरडत सैरावैरा पळायचं. धुळाजीची बायको साखराबाई हसून त्याला आईच्या कासेला लावायची. दोन दिवसांचं एक कोकरू तिनं विठ्ठलरावांच्या मांडीवर दिलं.

"धरा की मास्तर, लई गरीब हाय."

त्यांनी ते धोतराच्या सोग्यात घेतलं. कालचंच धोतर होतं ते.

त्यानंतरचा शनिवार आम्ही घरीच काढला. विठ्ठलराव सारखे माझ्यापाशी येऊन उभे राहायचे. माझं खूर उचलून बघायचे, खाली ठेवायचे. "काही होत नसतं रे," असं मला सांगायचे, पण आवाज स्वतःशीच बोलल्यासारखा. त्याच्या पुढच्या शनिवारी आईंनी विचारायच्या आत ते निघाले.

माळावर कातरीचा आवाज नव्हता. जाळीला कडुलिंबाचे डहाळे बांधले होते. मेंढवाड्याबाहेर ताज्या मातीचे ढीग दिसत होते, लहान लहान. साखराबाई एका मेंढीचं तोंड कोमट पाण्यानं पुसत होती. कोकरं जवळजवळ सगळी गेली होती, मोठ्यांतलीही बरीच.

"सटवा कुठं आहे?" विठ्ठलरावांनी विचारलं.

"घालवला त्याला," धुळाजी म्हणाला. "बाजारात गेलता, तिथनं घेऊन आला हे दुखणं. न्हाई म्हनत व्हता, शपथा घेत व्हता. म्या काठी घातली त्याच्या पाठीत. आता मांजरसुंब्याकडं रस्त्याची खडी फोडतोय म्हनं."

विठ्ठलरावांनी लगाम धरला. आम्ही परत निघालो. ते पाठीवर बसलेसुद्धा नाहीत, चालत होते. नदीपाशी आल्यावर थांबले. पलीकडे त्यांचं राज्य, त्यांची शाळा, त्यांची आई. पाणी घोट्याएवढंच होतं. ते काठावर बराच वेळ बसले. मी शेजारी उभा होतो. आता उठतील आणि पाण्यात पाय घालतील, या धास्तीनं मी गवताला तोंडही लावलं नाही.

ते उठले आणि माघारी वळले.

"धुळाजी," मेंढवाड्याबाहेरच उभं राहून ते म्हणाले, "सटवानं नाही आणलं. मी आणलं. सीनेकाठी आजारी कळपात थांबलो होतो. तुम्ही विचारलंत, तेव्हा खोटं बोललो."

धुळाजीनं काठी उचलली. मी दोन पावलं मागे सरलो. विठ्ठलराव हलले नाहीत. काठी वरच राहिली, मग हळूहळू खाली आली, आणि तो तिच्यावर टेकून उभा राहिला.

"कावून?" एवढंच म्हणाला. "कावून बोललाव खोटं? पुढल्या खेपंला या म्हनलं असतं. पुन्हा दाखवलं असतं की."



बोलली ती साखराबाई. "मेलेली मेंढरं तर तुमच्यानं उठत न्हाईत. पर भावजीस्नी आनता यील. तुमी जावा. आमी न्हाई, तुमीच. त्यांच्या म्होरं तोंडानं बोला."

"आत्ता निघतो."

"तट्टू हितंच ऱ्हाऊ द्या. त्याचे पाय आता दुसऱ्या कुणाच्या मेंढरात नगंत. अन् ती धोतरं, जोडं, समदं हितं जाळा."

विठ्ठलरावांनी ओढ्यावर अंघोळ केली, धुळाजीचं उकळून वाळवलेलं जुनं धोतर नेसले आणि अनवाणी निघाले. मांजरसुंबा काय जवळ आहे? शाळा बुडणार होती. आई वाट बघत असणार होती. तिच्यासाठी चिठ्ठी तेवढी नाक्यावरून नगरला जाणाऱ्या गाडीवानाकडे द्यायची ठरली.

साखराबाईनं माझी खुरं राखेनं घासली, लिंबाच्या उकळलेल्या पाण्यानं धुतली. मला वाटलं, ही आता मारेल. तिनं मारलं नाही. चारही पाय धुतले आणि मग माझ्या खांद्याला कपाळ टेकून रडली.

पुढचे दिवस मी वाटेकडे बघत काढले. येतील का? की तिकडून तिकडेच गेले? सटवा ऐकून घेईल का, की खडीचा हातोडा उचलेल? माझ्यासारख्याला वाट बघणं झेपत नाही.

सातव्या दिवशी दुपारी दोन माणसं दिसली. सटवा पुढे, विठ्ठलराव बरेच मागे, लंगडत. सटवानं एकदाही मागे वळून पाहिलं नाही. तो जाळीपाशी आला. धुळाजी उठून पुढे झाला.

"लई उशीर केलास," तो म्हणाला.

"तूच घालवलं व्हतंस."

"व्हय," धुळाजी म्हणाला. "माजंच चुकलं. पाठ दाव." त्यानं भावाच्या पाठीवरून हात फिरवला, वळ राहिलाय का ते बघितलं, आणि त्याच्यासाठी घोंगडी पसरली.

सटवा विठ्ठलरावांना शेवटपर्यंत काही बोलला नाही. साखराबाईनं त्यांना भाकरी दिली, पण जाळीबाहेर. निघताना त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. "हा तुमच्याकडेच राहू दे," ते म्हणाले. "कळप पुन्हा उभा करताना कामाला येईल." मग चालत गेले. मी हिसका देऊन पाहिला, दावं पक्कं होतं.

त्याला आता खूप वर्षं झाली. मी म्हातारा झालो आहे. कळप हळूहळू पुन्हा भरला. चाऱ्यासाठी मुक्काम हलतो तेव्हा चालता न येणारी कोकरं माझ्या दोन्ही बाजूंच्या झोळ्यांत बसवतात. सटवा माझ्यापुढे चालतो आणि वाटेतला दगडन्‌दगड बाजूला सारतो.

तुम्ही हिंडणारी माणसं असाल तर हिंडा. परमुलूख बघा, माणसं बघा, मेंढरं बघा. पण दारात कोणी विचारलं की कुठून आलात, तर खरं सांगा. तुमचा एखादा रविवार बुडेल, एवढंच.

आता निघायला हवं. पुढे ओढा आहे, तळ निसरडा आहे, आणि झोळीतली दोघं पहाटेच जन्मलेली आहेत.