उत्तरेची खिडकी

"रतनकाका, आजही तुमचाच आकडा वाईट," सोनाली करंदीकर दारातूनच म्हणाली. "यंत्राने टेप गुंडाळलेले स्फटिक तुमच्यापेक्षा बरे निघाले. यंत्राला अभिनंदनाचं पत्र पाठवू का?"

रतन वाहाणे खिडकीपासून हलले नाहीत. त्यांच्या चिमट्यात एक स्फटिक होता. अर्ध्या आगकाडीएवढा, चौकोनी. उत्तरेचा उजेड त्यातून आरपार जात होता आणि रतन त्या उजेडामागे कुठेतरी गेले होते.

"सहा बाजू आहेत मॅडम, एकीवर पण ओरखडा नाही," ते म्हणाले. "पाहा न."

"मी पाहून काय होणार? हिंमतराव साहेब आकडा पाहतात. शनिवारपर्यंत सुधारला नाही, तर हाताने गुंडाळणं बंद. तुम्ही सोमवारपासून पॅकिंगला."

रतन भंडाऱ्याहून पुण्यात आले तेव्हा वीस वर्षांचे होते. दुर्बिणींचे प्रिझम घासण्याच्या कारखान्यात लागले. तिथल्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, काच नेहमी उत्तरेच्या खिडकीत तपासायची, तिथे ऊन येत नाही, उजेड खोटं बोलत नाही. पुढे बाहेरून तयार प्रिझम येऊ लागले आणि कारखाना बंद पडला. त्या जागी आता काचेची इमारत आहे. तिथे मुलं फोनवर अमेरिकेशी बोलतात. रतन येरवड्यातल्या या छोट्या कंपनीत आले, ते त्या सवयीसकट.

इथे कॅन्सर शोधणाऱ्या यंत्राचे डोळे बनत. सोनालीने त्यांना एकदा समजावलं होतं. रोग्याच्या अंगातून एकाच क्षणी दोन किरण निघतात, उलट्या दिशांना. दोन्हीकडचे स्फटिक चमकतात. कोणता आधी चमकला आणि किती आधी, यावरून गाठ कुठे आहे ते कळतं. एका सेकंदाचे अब्ज भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा हजार. तसल्या दोनशे नव्वद भागांची चूक रतनच्या स्फटिकांत होत होती. हाच तो आकडा, जितका कमी तितका चांगला.

"म्हणजे किती?" रतननी विचारलं होतं.

"शरीरात सव्वाचार सेंटिमीटर, थोडं जास्तच."

त्यांनी तेवढं अंतर बोटांत धरून पाहिलं होतं. त्यात बरंच काही मावत होतं.

गुरुवारी वीज नव्हती. गुरुवारी नसायचीच. रतननी नेहमीप्रमाणे सोळा स्फटिक खिडकीत एकेक करून तपासले, आतली चमक बाहेर निसटू नये म्हणून नळाच्या आट्यांना लावतात तसली पांढरी टेप त्यांना सात वेढे गुंडाळली. मोजणी होणार नव्हती, म्हणून सगळे पत्र्याच्या डब्यात ठेवून झाकण लावलं.

शुक्रवारी सकाळी डब्यातले स्फटिक मोजून सोनाली धावतच आली.

"काका, काल काय वेगळं केलंत?"

"काही नाही बाप्पा. काय झालं?"

"दोनशे तीस! इथे कुणालाच आला नाही हा आकडा. आठवा नीट."

"नेहमीसारखंच केलं. रात्रभर डब्यात पडून होते, तेवढंच."

सोनाली डब्याकडे बघत राहिली, मग खिडकीकडे. तिने त्यातल्याच दोन स्फटिकांची टेप सोडवली आणि ते खिडकीत ठेवले. अर्ध्या तासाने रतनकडून पुन्हा गुंडाळून घेतले आणि मोजायला नेले. ती परत आली तेव्हा तिचा आवाज खाली आला होता.

"दोनशे नव्वद. काका, हे स्फटिक उजेड धरून ठेवतात. दिवसाउजेडी ठेवले की पुढे कित्येक तास आतल्या आत मंद चमकत राहतात. आपल्याला दिसत नाही, पण सेन्सरला दिसतं. खरी चमक कधी सुरू झाली हेच मग त्याला नीट कळत नाही. यंत्रवाले स्फटिक खोक्यातून थेट गुंडाळायच्या यंत्रात जातात, म्हणून ते बरे निघत होते. तुमचा हात त्यांच्यापेक्षा कितीतरी चांगला आहे."

रतननी खिडकीतल्या उजेडाकडे पाहिलं.

"म्हणजे मी पाहतो, म्हणून ते खराब होते?"

"लाल दिव्यात चालेल, लाल उजेड ते धरून ठेवत नाहीत," सोनाली म्हणाली.

"लाल दिव्यात ओरखडा दिसत नाही मॅडम."

"मग?"

त्यांनी एक स्फटिक उचलला, डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख हळूच त्याच्या कडेवरून नेलं. दुसरी बाजू. तिसरी. "लागते," ते म्हणाले. "नखाला लागते."

शनिवारी हिंमतरावांनी आकडा पाहिला, "बरं," एवढंच म्हणाले आणि निघून गेले. पॅकिंगचा विषय पुन्हा निघाला नाही.

सोमवारी रतन सगळ्यांच्या आधी आले. खळ आणि काळा कागद त्यांनी घरून आणला होता. खालून सुरुवात करून खिडकीच्या तावदानांवर ते एकेक कागद डकवत गेले. शेवटचं तावदान राहिलं तेव्हा त्यांनी भंगारातला एक तुटका स्फटिक उचलून उजेडात धरला. बाहेरचं झाड त्यात उलटं, लहान आणि अगदी स्वच्छ दिसलं. मग त्यांनी तो ठेवला आणि शेवटचा कागद लावला.

दुपारी सोनाली आली. लाल अंधारात तिला आधी फक्त त्यांचे हात दिसले.

"दोनशे बावीस, काका."

"सेंटिमीटर सांगा."

"सव्वातीन. थोडं जास्त."

त्यांनी अंगठा आणि तर्जनी समोर धरली, पूर्वीएवढी फाकवली आणि एका बोटाच्या जाडीइतकी जवळ आणली. तेवढीच काही वेळ धरून ठेवली. मग डोळे मिटून त्यांनी पुढचा स्फटिक घेतला.