चिपाचा पहिला तुकडा

पवित्र आठवड्याच्या सोमवारी मी खालचे चार दात काढून घेतले. मुहूर्त मी नाही निवडला, दाढेनं निवडला. गाल असा टरारला होता की उजव्या डोळ्याला अंगणातल्या कोंबड्या दिसेनात. डॉक्टरीण सुनिल्दा म्हणाली, "लिब्राडाबाई, सण होऊ दे म्हणून थांबण्यासारखं नाही हे."

"मग काढ की," मी म्हटलं. "बडबडीत वेळ का घालवतेस?"

काढून झाल्यावर तिनं एक कागद हातात ठेवला. मला अक्षरं येतात, पण छापलेली. डॉक्टरांच्या हातची कोंबडीच्या पायांसारखी असतात. घरी सून निमियानं वाचून दाखवलं. गरम नको, कडक नको, बिया नकोत. मऊ आणि कोमट खायचं, मग मिठाचं पाणी तोंडात नुसतं धरायचं आणि सोडायचं. सगळ्यात खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं, आठवडाभर नळीनं काहीही ओढायचं नाही.

"म्हणजे आई, तेरेरे बंद," निमिया म्हणाली आणि कागदाची घडी घालत बसली. माझ्याकडे बघायची तिची छाती होईना.

आमच्या पिरिबेबुई गावात तेरेरेशिवाय सकाळ सरत नाही. शिंगाच्या पेल्यात येर्बाची पानं, वर बर्फाचं पाणी, एकच नळी, आणि पेला सगळ्यांत फिरतो. गेल्या वर्षी एकच दात काढला होता आणि तासाभरात मी नळीला तोंड लावलं. भोकात धरलेली रक्ताची खपली त्या ओढीनं निघून आली, हाड उघडं पडलं, आणि पाच दिवस मी भिंतीला डोकं टेकून बसले. गाढवसुद्धा एका खड्ड्यात दोनदा पडत नाही.

मंगळवारी नणंद आली. ओब्दुलिया, माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. आल्या आल्या तिनं पेला माझ्या नाकाशी धरला.

"घे गं वहिनी. गारेगार आहे, हिरड्यांना बरं वाटेल. एकच घोट!"

"तूच घे. तुझी जीभ माझ्या हिरड्यांपेक्षा तापलेली दिसतेय."

ती हसली, सगळे दात दाखवून. मग खुर्ची पुढे ओढली. "बरं, शुक्रवारचं काय ठरवलंस? आईनं केलं तसंच करायचं ना?"

आता बाई मुद्द्यावर आली. ख्रिस्ताच्या मरणाच्या त्या शुक्रवारी आमच्याकडे चूल पेटत नाही. बुधवारी भाजून ठेवलेला चिपा नावाचा पावच दिवसभर खायचा. आणि आमच्या घरची रीत अशी की पहिला चिपा घरातली कर्ती बाई मोडते, पहिला तुकडा सगळ्यांदेखत स्वतः खाते, मगच टोपली फिरते. टोपली जिच्या मांडीवर, शब्द तिचा. सासूबाईंना चावेना झालं त्या वर्षी त्यांनी टोपली माझ्या मांडीवर ठेवली. त्याला एकतीस वर्षं झाली. तेव्हापासून ओब्दुलिया त्या टोपलीकडे मांजर शिंक्याकडे बघतं तशी बघतेय.

"जिला चावत नाही तिनं मोडायचं नाही," ती म्हणाली. "मी नाही हो म्हणत. आईच म्हणाली होती."

"म्हणाली होती खरी. शुक्रवार यायचाय अजून."

"येईल की. तीन दिवसांत दात थोडेच येणारेत?"

ती गेल्यावर निमियानं दुकानातल्या दह्याचा डबा आणि लाल जेली पुढे ठेवली. मी म्हटलं, "हे आजाऱ्याला दे. मला फक्त चार दात नाहीत." उठले आणि स्वतः पातेलं चढवलं. दुधात भात गळेपर्यंत शिजवला. दुसऱ्या वेळी मक्याचं पीठ पातळ शिजवून त्यात चीज विरघळवलं, रात्री भोपळा घोटून त्यात अंडं मोडलं. सगळं निवेपर्यंत झाकून ठेवायचं, मग खायचं. लोकांना वाटतं मऊ म्हणजे मिळमिळीत. ज्यांना रांधता येत नाही त्यांना वाटतं तसं.

पण चिपा काही भात नाही. मांदिओका कंदाचं पीठ, चीज, अंडी, डुकराची चरबी आणि मूठभर शेप. भट्टीतून काढला की मऊ, पण शुक्रवारपर्यंत असा होतो की कुत्र्याला मारला तर कुत्रं लंगडेल.

बुधवारी पहाटे अंगणातली मातीची भट्टी पेटवली. गाल बांधून पीठ मीच मळलं. ओब्दुलिया मदतीला म्हणून आली होती, म्हणजे लक्ष ठेवायला. शेप घालायच्या आधी मी एक मोठा गोळा काढून वळला.

"शेप विसरलीस की वहिनी! दातांबरोबर डोकंही काढलं का काय?"

"बिया जखमेत जातात. आणि हा पहिला चिपा आहे. पहिला कसा करायचा ते मी ठरवते."

तिनं ओठ मुडपले. तिला वाटलं, करू दे म्हातारीला, शुक्रवारी चावायच्या वेळी बघू.

गुरुवारी संध्याकाळी, चूल विझायच्या आधी, मी ताटलीत येर्बा आणि साखर घेतली, वर रसरशीत निखारा ठेवून ढवळलं. साखर जळून काळी झाली, घरभर वास सुटला. ते पाण्यात टाकून उकळलं आणि गाळलं. हा कोसिदो. तीच आमची येर्बा, पण नळीविना, कपातून प्यायची. मग माळ्यावरचा जुना थर्मास काढून त्यात भरला, ज्यात गरम पाणी कधी धड गरम राहत नाही.

"आई, तो बिघडलाय," निमिया म्हणाली.

"म्हणूनच."

शुक्रवारी सकाळी सगळे जमले. प्रार्थना झाली. ओब्दुलियानं काळा झगा घातला होता आणि हात पुढे करूनच उभी होती. "दे वहिनी, टोपली. उगाच लाज नको वाटून घेऊ. आईलाही नव्हती वाटली."

मी बसले. टोपली मांडीवर घेतली. बिनशेपेचा चिपा दोन्ही हातांनी मोडला. कडाक्कन आवाज झाला, सगळ्यांनी ऐकला. तुकडा वाडग्यात कुस्करला, वर थर्मासातला कोसिदो ओतला. वाफ नाही, कोमट, हवा तसा. चिपा फुगला, मऊ पडला. एक गाठ राहू दिली नाही, चमच्यानं घोट घोट घोटला. आणि सगळ्यांदेखत खाल्ला. जळक्या साखरेची चव, चीजचा खारटपणा! चार दिवसांनी तोंडात येर्बा आली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं नाही.

"हे काय खाणं झालं?" ओब्दुलिया म्हणाली. "चावलं कुठे?"

"रीत खायची आहे गं, चावायची नाही. मोडला कुणी? मी. पहिला खाल्ला कुणी? मी. आणि काय विचारायचंय?"

माझा मुलगाच आधी हसला, मग सगळे. मी टोपली फिरवली.

एवढ्यात कोपऱ्यातल्या सासूबाईंच्या रिकाम्या वेताच्या खुर्चीकडे माझं लक्ष गेलं. मला टोपली दिली त्या वर्षी त्या तिथेच बसून होत्या, दिवसभर उपाशी, आणि मी टोपली सांभाळण्याच्या तोऱ्यात. घरात कोसिदो तेव्हाही होता. मला सुचलं नव्हतं, की सुचवून घ्यायचं नव्हतं, देव जाणे. मी दुसरा वाडगा भरला आणि त्या खुर्चीवर नेऊन ठेवला.

ओब्दुलिया ते बघत होती. तिच्या हातातला चिपा जवळजवळ तसाच होता. एकाच बाजूनं, हळूहळू कुरतडत होती, माझ्या लक्षात आलं. थोड्या वेळानं ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "वहिनी, थर्मासात उरलंय का गं थोडं?"

"कुठली दाढ?"

"डावी. वरची."

मी तिचा वाडगा काठोकाठ भरला. "खा. फुंकर मारू नकोस, आधीच निवलंय. आणि सोमवारी माझ्याबरोबर सुनिल्दाकडे यायचं."

"आणि पुढच्या वर्षी?" तिनं चमचा चाटत टोपलीकडे पाहिलं.

"पुढच्या वर्षी," मी टोपली मांडीवर नीट ओढून घेतली, "तुझ्यासाठी एक चिपा बिनशेपेचा करीन."