कोयत्याचा घाव झेललेली बॅग

मी एक चामड्याची बॅग. माझ्या पोटावर वीतभर चीर आहे, म्हणून एसटीत लोक वळून बघतात. ती कशी पडली, ते आज माझ्याच तोंडून ऐका.

माझा जन्म स्वीडनमधल्या उप्सालाचा. घोड्यांची खोगिरं शिवणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला जाड दोऱ्याने शिवलं. गुनिला सँडेल ही तरुणी तिथल्या विद्यापीठात शिकवायला लागली, त्याच दिवशी तिने मला खांद्याला अडकवलं. ती साहित्याचा इतिहास लिहायची. बायकांनी लिहिलेलं आणि पुरुषांच्या नावावर गेलेलं शोधून काढणं, हे तिचं आयुष्यभराचं काम.

एका नावाजलेल्या कवीच्या निम्म्या कविता त्याच्या बायकोच्या आहेत, हे तिने जुन्या पत्रांवरून सिद्ध केलं. भर व्याख्यानात कवीच्या एका चाहत्याने बाटली फेकली. तिचं कपाळ फुटलं. रक्त माझ्यावर ठिबकत होतं आणि ती उरलेली पानं वाचत होती. पुढे निनावी पत्रं आली, घराच्या काचा फुटल्या. मला वाटायचं, आता ही थांबेल. ती थांबली नाही.

निवृत्तीनंतर ती पुण्यात मराठी शिकली आणि बायकांच्या ओव्या गोळा करत कोकणात उतरली. मालगुंडला बायकांच्या मेळाव्यात राही उभी राहिली. राजापूरजवळच्या गावची, चौथी शिकलेली, विधवा. तिने स्वतः रचलेली ओवी म्हटली:

वही घातली चुलीत, हात धरला जाळात,
अक्षर माझं बाई, राहिलं गं गळ्यात.

तिच्या नवऱ्याने हे खरोखर केलं होतं. तो गेल्यावर तिने सगळ्या ओव्या आठवून नव्या वहीत उतरवल्या होत्या.

गुनिलाने विचारलं, "पुस्तक करू?"

"माझं नाव घालशील तरच वही देतंय," राही म्हणाली.

ही बातमी राहीच्या दिराला, सदूला लागली. भर दुपारी आम्ही तिच्या पडवीत बसलो होतो. तो बागेतून कोयता घेऊनच आला.

"वयनी, वही दे. मेलेल्या माणसाची अब्रू चव्हाट्यावर नको."

"तो जिता होता तवा माझी अब्रू कुठं होती, भावोजी?"

वही माझ्या पोटात होती. गुनिलाने मला छातीशी धरलं. सदूने कोयता चालवला. माझं कातडं फाटलं आणि तिच्या उजव्या हाताची दोन बोटं सारवलेल्या जमिनीवर पडली. त्याने दुसरा वार उगारला, तोच राहीने मुसळ त्याच्या मनगटावर घातलं. हाड मोडलेलं मी ऐकलं. तो खाली कोसळला तरी ती मारतच होती. गुनिलाने तिला मागे ओढलं नसतं तर तो मेला असता. तेव्हा मला राहीचीही भीती वाटली.

सदू तुरुंगात गेला. गुनिला डाव्या हाताने लिहायला शिकली. पुस्तक निघालं, त्यावर राहीचं नाव ठळक आहे. मायदेशी जाताना गुनिलाने मला राहीच्या खांद्याला अडकवलं. गेल्या शिमग्यात गुनिला वारल्याचा फोन आला. राही त्या दिवशी जेवली नाही.

आता आम्ही दोघी गावोगाव फिरतो, बायकांची गाणी लिहून घेतो. तुमच्या दारात आलो तर घरातल्या बाईला बोलू द्या, एवढंच मागणं आहे.

मागच्या आठवड्यात खेडजवळच्या एका घरात मालकाने मला लाथेने ओटीवरून अंगणात उडवलं. राहीने मला उचललं, धूळ झटकली आणि पुन्हा त्याच ओटीवर जाऊन बसली. दाराआडच्या बाईला म्हणाली, "तू सांग गो. मी लिवतंय."