शून्यावर परत येणारी दुर्बीण

नरहरी सावे यांनी घिवलीच्या वाळूची पिशवी धर्मेशच्या एअरगनच्या दुकानात काउंटरवर ठेवली, तिच्यात रायफलची दुर्बीण रुतवली आणि रस्त्यापलीकडच्या बँकेच्या पाटीवर नेम धरला. बोईसरमध्ये अशा गोष्टीकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. पण बँकेच्या वॉचमनला लक्ष ठेवायचाच पगार मिळत होता. तो रस्ता ओलांडून आला.

"काका, बँक में क्या देख रहे हो?"

"क," नरहरी म्हणाले. "पाटीवरचा शेवटचा क."

मग त्यांनी त्याला रीतसर समजावलं. दुर्बिणीवर दोन चकत्या असतात, त्यांना टरेट म्हणतात. लक्ष्य जवळ असेल की लांब, त्याप्रमाणे चकती टिकटिक फिरवायची, म्हणजे आतली फुली वरखाली होते. चकती शून्यावर आणली की फुलीनेही मुकाट मूळ जागी यायला हवं. स्वस्तातल्या दुर्बिणींना नेमकी हीच सवय नसते.

नरहरींना हे गेल्या वर्षी कळलं होतं. घिवलीत खारा वारा कुलपापासून शिलाई मशीनपर्यंत सगळं खातो, म्हणून लोखंडाला खोबरेल पाजणं हा तिथला संस्कार. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी जुन्या दुर्बिणीच्या चकत्यांवरही तो केला. मासवणच्या माळावर सकाळच्या थंडीत तेल थिजलं. चकती फिरत राहिली, फुली हलेना. त्यांच्या नेमबाजी क्लबातून ही स्पर्धा जिंकणारा पन्नाशीपुढचा एकच जण नाशिकच्या सामन्याला जातो. तो मान त्यांच्या साडूला, शैलेशला मिळाला, आणि क्लब ज्यांनी काढला त्या नरहरींना 'खोबरेलशेठ' हे नाव. नवी दुर्बीण घ्यायला निघताना बायकोने, मंदाने बजावलं होतं, "अवो, तेल डोक्याला लावा, मशीनला लावा. दुर्बिणीला लावलंत तर मी घरात घेणार नाय."

धर्मेशने आधी लाल-हिरव्या दिव्यांची दुर्बीण काढली. शैलेशशेठनी हीच नेली, असंही सांगितलं. नरहरींनी चकती वर नेली, खाली आणली. फुली क वरून निघाली आणि परतताना शेजारच्या एटीएमवर उतरली. दुसरीने क गाठला, पण मनात येईल तेव्हाच. एव्हाना वॉचमनही डोळा लावून बसला होता आणि त्याचं मत कडक होत चाललं होतं.

"ये वापस नहीं आती, काका."

तिसरी मळक्या खोक्यातून निघाली. काळी, बुटकी, अगदीच गरीब घरची. नरहरींनी ती इतक्यांदा फिरवली की धर्मेशने मधे दोन गिऱ्हाइकं उरकली. फुली दरवेळी क वर येऊन उभी राहिली.

"काका, ती कोण घेत नाय. लाइट नाय तिला."

"लाइट हाय माझ्या घरी," नरहरी म्हणाले आणि पिशवी उचलली.

डिसेंबरात मासवणला यंदाच्या स्पर्धेसाठी, छर्रा लागला की आडवी होणारी लोखंडी पाखरं मांडली होती, कुठे जवळ, कुठे पार बांधाच्या कडेला. शेवटी नरहरी आणि शैलेश दोघेच उरले आणि गुण बरोबरीत. बांधावरचं एक पाखरू ठरवेल, असं ठरलं. शैलेशने नेम धरला. छर्रा पाखराच्या डोक्यावरून गेला, आणि मागून कुणीतरी हसलं.

"साडूभाऊ, तेल आनलंय काय?" शैलेशने तरीही विचारलं.

मांडी घालून बसल्या जागी नरहरींनी चकती फिरवली, प्रत्येक टिक मनात मोजली, श्वास सोडला. टण्ण. पाखरू आडवं झालं. टाळ्या वाजल्या, कुणी शिट्टी मारली, मंदा पदर खोचून पुढे आली. नरहरींनी चकती सावकाश शून्यावर आणली आणि तसेच बसून राहिले. अध्यक्ष हार घेऊन थांबले. काय हा संयम, असं लोकांना वाटलं.

साडूला मात्र कळलं. मांडी घातली की त्याचाही उजवा गुडघा असाच धरायचा. शैलेश जवळ आला आणि त्याने दंड पुढे केला. नरहरींनी तो घट्ट पकडला आणि जरासे तिरके, पण पूर्ण उंचीचे उभे राहिले.