ट्राम पुलापलीकडे

ट्राम पुलाच्या अलीकडेच संपायची. कागदोपत्री तिचं नाव 'हलकी रेल्वे'. पण तसं म्हणणारा माणूस एक तर सरकारी असायचा, नाही तर नवखा. पुलाच्या तोंडाशी रूळ गोल वळसा घेऊन माघारी फिरायचे. पलीकडच्या शहरात जाणाऱ्यानं तिथं उतरायचं, वाऱ्यात कुडकुडत उभं राहायचं, बस धरायची, पलीकडच्या बाजारपेठेत ती सोडून दुसरी धरायची. नदी ती केवढी, तर पोरानं दगड भिरकावला तर पलीकडे पडावा! पण तेवढ्यासाठी अर्धा दिवस मोडायचा. त्या वळशावर ट्राम फिरवत टायमटेबलनं उभी नोकरी काढली होती, आणि पलीकडे त्याची एकुलती एक लेक राहत होती.

टायमटेबल हे नाव त्याला डेपोनं दिलेलं. त्याची ट्राम आली की लोक आपलं घड्याळ जुळवून घेत. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी हार घातला, भाषण केलं, पण त्या शिस्तीला काही कुणी निवृत्त केलं नाही. ती त्याच्याबरोबर घरी आली. चहा उकळायला ठेवला की हा घड्याळ बघणार, दाराला कडी कुठल्या हातानं लावावी हेही सांगणार. बायको होती तोवर ते सगळं तिच्या वाट्याला. ती बिचारी "हो हो, कळलं" म्हणायची आणि आपल्याला हवं तेच करायची. ती गेली, आणि घर असं रिकामं झालं की स्वतःच्या चपलांचा आवाज त्याला नकोसा वाटू लागला. त्यात डोळे अधू झाले, घरची गाडी चालवायची सोय संपली. उरली लेक, जावई आणि शाळेत जाणारी नात. पण ती तिघं पुलापलीकडे.

जायचा तो. दोन बस बदलून, हातात हत्यारांची पिशवी घेऊन जायचा. पिशवी कशाला? अहो, जावई शाळेत गणित शिकवणारा. त्याच्या हातून खिळा सरळ जायचा नाही, असं टायमटेबलचं ठाम मत. मग हा जाऊन त्यांचे नळ दुरुस्त करी, कपाट ह्या भिंतीचं त्या भिंतीला नेई, डबे उंचीप्रमाणे लावून ठेवी. नात दुपारची झोपत नाही, म्हणजे घराला वळण नाही, असंही सांगून टाकी. जावई वह्या तपासायच्या निमित्तानं आतल्या खोलीत जाई आणि दार लोटून घेई.

एकदा लेक म्हणाली, "बाबा, बसा जरा. मला तुमच्याशी बोलायचंय."

"बोल ना," तो म्हणाला, "पण आधी हे बघ, ह्या नळाचं वायसर कुणी बसवलंय? उलटं बसवलंय की!"

वायसर सुलटं झालं. बोलणं राहिलं ते राहिलंच. संध्याकाळी त्याला बसपर्यंत सोडायला आली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "दर वेळी कशाला एवढी दगदग करता, बाबा? वय झालं आता. ट्राम झाली पलीकडे, की या हवं तेव्हा."

लेक बोलून गेली. म्हाताऱ्यानं मात्र ते गाठीला बांधलं.

ट्राम पुढे न्यायची चर्चा तशी जुनीच. निवडणूक आली की निघायची आणि निवडणुकीबरोबर जायची. पण ह्या खेपेला दोन्ही शहरांनी मिळून एक मंडळ नेमलं, नकाशे टांगले, आणि गावभर भांडण पेटलं. अलीकडचे म्हणत, पलीकडे ट्राम गेली की आपली गिऱ्हाइकं तिकडच्या मोठ्या दुकानांत पळतील. पलीकडचे म्हणत, अलीकडचे भुरटे आमच्या अंगणात उतरतील. दोघांचंही म्हणणं खरं धरलं तर गिऱ्हाइकांनी तिकडे जायचं आणि चोरांनीही तिकडेच जायचं, मग अलीकडे राहायचं कुणी? पण हे विचारायची सोय नव्हती. लोक रस्त्यात उभे राहून भांडत. एकाच घरात नवरा झाडं तोडणार म्हणून विरोधात, तर बायको दवाखान्याला जायची सोय होईल म्हणून बाजूनं. त्या घरात महिनाभर भाजीत मीठ कमी-जास्त पडत होतं.

अलीकडच्या समर्थकांचा म्होरक्या होता शिंपी. त्याचं दुकान ट्रामच्या थांब्यासमोर. टायमटेबल त्याच्या दुकानात जाऊन बसला, तो तिथलाच झाला. दारोदार फिरला. ज्यांनी आयुष्यात त्याला फक्त पाठमोरा पाहिला होता त्या उतारूंच्या दारात उभा राहून तो ट्रामची महती सांगू लागला. गुडघे दुखत, पण चेहऱ्यावर तेज असं की शिंपी म्हणाला, "काय रे, पुन्हा बोहल्यावर चढतोयस का?"

"नातीला रोज शाळेतून आणीन," टायमटेबल म्हणाला. "सकाळी जाईन, संध्याकाळी येईन. पोरीला नोकरी, घर, सगळं होत नाही रे. घराला मोठं माणूस लागतं."

अखेरची सुनावणी ठरली पलीकडच्या नगरभवनात. तिचा एक नियम होता. प्रत्येकाला बोलायला तीनच मिनिटं. समोर दिवा हिरवा असेपर्यंत बोलायचं, तांबडा झाला की थांबायचं. आणि कुणी बोलत असताना बाकी कुणी, अगदी अध्यक्षबाईंनीसुद्धा, तोंड उघडायचं नाही. आदल्या दिवशी शिंपी डोकं धरून बसला होता. सगळे वक्ते अलीकडचे! पलीकडच्या शहराचा एकही माणूस बाजूनं उभा राहिना. मंडळ म्हणणार, तुम्हीच तुमचे ढोल बडवताय.

"माझी लेक आहे की!" टायमटेबल म्हणाला. "दे तिचं नाव."

"विचारलंस तिला?"

"लेकीला काय विचारायचं? तीच म्हणते, ट्राम झाली की या. लाव फोन, दे नाव."

शिंप्यानं मंडळाच्या कचेरीत फोन करून नाव दिलं. आणि टायमटेबलनं लेकीला फक्त एवढंच सांगितलं, की उद्या सुनावणीला ये, गंमत आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

ती आली. दातांच्या दवाखान्यात ती कामाला होती. तिथून अर्धी रजा काढून, तोच निळा डगला अंगात ठेवून आली. बापाशेजारी बसली, त्याच्या कॉलरचं दुमडलेलं टोक तिनं सरळ केलं. सभागृह खच्चून भरलं होतं. आधी विरोधक, मग समर्थक, असे एकेक जण उठत होते. टायमटेबलची पाळी आली तेव्हा तो झकास बोलला, आणि तांबडा दिवा लागायच्या आत, अगदी वेळेवर, थांबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लेकीनंही वाजवल्या.

मग अध्यक्षबाईंनी पुकारा केला, "समर्थकांच्या बाजूनं, ह्याच शहरातून," आणि लेकीचं नाव घेतलं.

ती दचकली. "बाबा, हे काय?"

"जा जा. चार शब्द बोल. घाबरू नकोस, मी आहे."

"मी कुठं म्हटलं होतं..."

"अगं, लोक बघतायत! ऊठ!"

ती उठली. माइकपाशी जाईपर्यंत तिचा चेहरा पांढरा पडला होता. दिवा हिरवा झाला तरी ती गप्पच. टायमटेबलचे ओठ हलू लागले, जणू तोच तिच्या तोंडून बोलणार होता.

"माझं नाव चुकून ह्या बाजूला आलंय," ती म्हणाली. "मी समर्थनात नाही."

सभागृहात कुजबुज झाली. शिंप्यानं टायमटेबलकडे पाहिलं. टायमटेबल समोर बघत राहिला.

"आम्ही भाड्याच्या घरात राहतो. ज्या रस्त्यावरून रूळ जाणार, त्याच रस्त्यावर. घरमालकांनी आत्ताच सांगून ठेवलंय, ट्राम आली की भाडं वाढणार, परवडत नसेल तर दुसरं घर बघा. मुलीची शाळा जवळ आहे. माझं काम जवळ आहे. ह्यांचं काम जवळ आहे. आम्ही मोठ्या कष्टानं इथं आमचं आमचं काहीतरी बसवलंय. लहानसंच आहे ते, पण..."

"मग माझ्याकडे या की राहायला!"

आवाज टायमटेबलचा. तो उभा राहिला होता. आयुष्यात ज्यानं सिग्नल मोडला नाही, त्यानं हिरव्या दिव्यात दुसऱ्याची वाट अडवली. "घर रिकामं पडलंय सगळं! भाड्याचं काय घेऊन बसलीस? तिघंही या! मी आहे, नातीकडे मी बघतो, सगळं मी बघतो!"

अध्यक्षबाईंनी टेबलावर हात आपटला. पण लोकांना गंमत वाटली, कुणी हसलं, कुणी "वा आजोबा!" म्हटलं. लेक बापाकडे बघत होती. माइक चालूच होता.

"म्हणूनच, बाबा," ती म्हणाली.

हसू जागच्या जागी थांबलं. टायमटेबल खाली बसला. बसला म्हणजे खुर्चीनं त्याला धरला. अध्यक्षबाईंनी लेकीला सांगितलं, की व्यत्यय आला, तुमचा वेळ बाकी आहे, पुढे बोला. तिनं मान हलवली आणि ती सरळ दाराबाहेर गेली.

तो तिच्या मागोमाग गेला. बाहेर लांबच लांब पॅसेज होता, भिंतीला ट्रामचे नकाशे टांगलेले. ती खिडकीपाशी उभी राहून डोळे पुसत होती.

"चारचौघांत बापाची अब्रू घेतलीस," तो म्हणाला. म्हणायचं दुसरंच होतं, पण तोंडून हेच गेलं.

"मी बोलणारच नव्हते, बाबा. तुम्ही माझं नाव दिलंत. मला न विचारता."

"मी तुला नकोसा झालोय, हे घरी सांगितलं असतंस तर..."

"नकोसे नाही हो!" ती जवळजवळ ओरडलीच. "घरी कधी सांगू? वाक्य पुरं करू देता का कधी? आई तशीच गेली, हो हो कळलं म्हणत. मी कित्येक वर्षं सुरुवात करतेय. आज तिथं उभी राहिले तेव्हा वाटलं, इथं तीन मिनिटं कुणी मध्ये बोलायचं नाही असा नियमच आहे, तर आज सांगून टाकावं. ट्रामचं नाही. तुम्हालाच सांगायचं होतं. पण तुम्ही इथंही..."

तो एक पाऊल पुढे आला.

"पुढे काय बोलणार होतीस?"

"आता नाही आठवत," ती म्हणाली. मग तिनं घड्याळ पाहिलं, नातीला शाळेतून आणायची वेळ झाली होती. मी येऊ का, हे शब्द त्याच्या ओठांवर आले आणि त्यानं ते गिळले. ती जिन्यावरून उतरून गेली.

पावसाळा सरता सरता निकाल लागला. ट्राम मंजूर. शिंप्यानं दुकानासमोर फुगे लावले. खालच्या मजल्यावरची शेजारीण जिन्यातच अडवून म्हणाली, "जिंकलात हो! आता काय बाई मजा, रोज नातीचं तोंड बघाल." टायमटेबल "हो तर" म्हणाला आणि वर आला. एवढ्या दिवसांत तो पलीकडे गेला नव्हता. फोन करत होता तो फक्त नातीला. नातीशी बोलला की ठेवून देई. त्यानं मनाशी एक गोष्ट मात्र पक्की केली होती. आता लेक बोलेल तेव्हा आपण मध्ये चकार शब्द काढायचा नाही. जीव गेला तरी नाही. सगळं वाक्य, शेवटापर्यंत, ऐकून घ्यायचं.

संध्याकाळी फोन वाजला. लेकीचा.

"बाबा, ऐकलं मी. मंजूर झाली म्हणे."

"हो."

"अभिनंदन. तुम्ही खूप फिरलात." ती थांबली. मागे नळ वाहत होता, नात काहीतरी गुणगुणत होती. "बाबा, त्या दिवशीचं... मला वाटत होतं की..."

ती पुन्हा थांबली. त्यानं फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. सांगायला ढीगभर होतं. घर नको तर नको, रविवारीच येईन, बोलावशील तेव्हाच येईन, डब्यांना हात लावणार नाही, नळ गळू दे. पण नाही. वाक्य तिचं होतं. त्यानं ओठ घट्ट मिटले आणि वाट पाहिली.

"बाबा? ऐकताय ना?"

त्यानं जोरजोरानं मान डोलावली.

पलीकडचा नळ बंद झाला. बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.

"अजून रागावलाय तुम्ही," लेक हळूच म्हणाली. "बरं. ठेवते मी."

"अगं, तू बोल ना, मी ऐकतोय!" तो म्हणाला, पण तोवर फोन ठेवला गेला होता. परत लावावा म्हणून त्यानं बोट पुढे केलं. मग त्याला वाटलं, तिनं आपणहून ठेवलाय, म्हणजे तिला आज एवढंच बोलायचं असेल, आपण पुन्हा मध्ये पडायचं नाही. त्यानं बोट मागे घेतलं आणि फोनजवळच बसून राहिला.